आई स्पीकरचं ऐकत नाही, मग ऊन मोजून करू काय?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: अमळनेर तालुक्यातली एक लेक, नोकरीनिमित्त पुण्यात. गावी आई-वडील, मोठा भाऊ, वहिनी. आई ५६ वर्षांची, दोन्ही गालांवर वांग, आणि आता उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे मांस वाढायला लागलंय. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले उन्हात जाऊ नका. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले व्हिटॅमिन डी कमी आहे, ऊन घ्या. आई मार्चपासून मेपर्यंत गच्चीवर वाळवणात, सांगून ऐकत नाही. म्हणून लेकीनं घरात होम असिस्टंट (घरातली यंत्रं आपोआप चालवणारी प्रणाली) बसवलं, त्याला ओपन-यूव्ही (यूव्हीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, आकडा देणारी इंटरनेटवरची सेवा) जोडलं, कठड्यावर प्लास्टिकच्या डबीत यूव्ही सेन्सर लावला, जिन्यापाशी स्पीकर आणि गच्चीवर कॅमेरा. यूव्ही इंडेक्स (त्या किरणांच्या जोराचा आकडा) ८ च्या वर गेला आणि कॅमेऱ्यात माणूस दिसलं की स्पीकर बोलतो, "आई, ऊन धोकादायक आहे, खाली या." पंधरा दिवसांत आईनं स्पीकरची वायर काढून ठेवली, म्हणाली, "माय, ऊन माले नवं शे का?" भाऊ म्हणतो सेन्सरच खराब आहे, भर दुपारीही इंडेक्स १ च्या वर दाखवत नाही. ओपन-यूव्हीवर "१५ मिनिटं सुरक्षित" दिसतं म्हणून लेक घाबरलीय, विचारते, आईला कसं पटवू, आणि आवाज वाढवू की दुसरा सेन्सर घेऊ?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळी तुझीच बाजू पटली, आईचा डोळा आहे, लेकीनं नाही काळजी करायची तर कुणी करायची. दुसऱ्यांदा मात्र एका वाक्यापाशी थांबले, तू ते सहज लिहून गेलीयेस, की त्या दिवशी शेजारच्या चार-पाच जणी बिबडे (ज्वारीचे पापड) टाकायला आल्या होत्या. म्हणजे स्पीकर बोलला तो चारचौघींसमोर. ज्या बाईनं तीस-पस्तीस वर्षं त्या गच्चीवर वाळवणं केली, जिला शेजारणी विचारतात की घाटा झाला का गं, अजून शिजवू का, तिला तिच्याच जिन्यातनं एक अनोळखी आवाज खाली या म्हणतो. वायर तिनं त्या दिवशी काढली. मला वाटतं तिनं ऊन नाकारलं नाही, तो आवाज नाकारला, आणि या दोन्हीत फरक आहे.

आता बिबड्यांचं. तुला माहीत आहे पण बाकीचे वाचणारे आहेत म्हणून सांगते. ज्वारी भिजत घालायची, दळायची, पहाटे चारला उठून लसूण, मिरची, जिरं, तीळ घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या कापडावर हातानं थापत जायचं, कारण थंड झाला की पसरत नाही. माझी मावशी पारोळ्याची, तिच्याकडे मी लहानपणी बघितलंय, पदराचं टोक दातात धरलेलं, एक हात पाण्यात बुडवायचा आणि लगेच गरम घाट्यावर, बोटं लाल झालेली, आणि आम्हा पोरांना वाटीत तेल घालून गरम घाटा मिळायचा म्हणून आम्ही पण पहाटे उठून बसलेलो. सूर्य वर येईपर्यंत थापणं संपलेलं असायचं. आपल्याकडे आठ वाजेपर्यंत यूव्ही इंडेक्स ३ च्या खालीच असतो. म्हणजे कामाचा सगळ्यात मोठा भाग तुझ्या आईनं आधीच बरोबर वेळेला बसवलेला आहे, कुठल्याही सेन्सरशिवाय.

मग ती भर दुपारी वर का जाते? हे तू तिला विचारलंयस का? पत्रात कुठंच दिसलं नाही. कॅमेऱ्यात तुला ती साडेबाराला दिसते एवढंच आहे. माझा अंदाज सांगते, बिबडं वरून वाळलं की कापड उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवून एकेक सोडवावं लागतं, आणि ती वेळ चुकली, जास्त कडक झालं, की ते कापडाला धरून तुटतं. आदल्या तीन दिवसांची मेहनत असते त्यात. तिला तू "ऊन धोकादायक आहे" सांगतेस तेव्हा तिच्या डोक्यात हिशोब चालू असतो की आत्ता खाली गेले तर एका अख्ख्या कापडावरचे बिबडे वाया. तिच्या या अडचणीचं उत्तर स्पीकरकडे नाही पण तुझ्या भावाकडे आहे. कापड जमिनीवर अंथरण्याऐवजी खाटेवर अंथरायचं, आणि सोडवायची वेळ आली की दोघांनी खाट उचलून जिन्याच्या खोलीत नाहीतर सावलीत आणायची. सोडवणं सावलीत बसून होतं. परत वाळत टाकायला दोन मिनिटं लागतात. बिबडं वाळतं ते उष्णतेनं आणि वाऱ्यानं, ते सोडवणाऱ्या बाईनं उन्हातच बसलं पाहिजे असं काही नाही. आणि गच्चीच्या एका कोपऱ्यावर हिरवी शेडनेट बांधून घ्या, रोपवाटिकेवर घालतात ती ७५ टक्केवाली, म्हणजे कावळे-चिमण्या राखायला बसायचं तर तिथे बसता येईल. दुसऱ्या सेन्सरचे पैसे तू इथं घाल असं मी स्पष्टच म्हणेन. एवढं मात्र लक्षात ठेव की यूव्ही नुसता सूर्याकडून सरळ येत नाही, मोकळ्या आभाळातून पसरूनही बराच येतो, त्यामुळे जाळीखाली बसलं म्हणजे सगळं थांबलं असं नाही, डोक्यावर-अंगावर कापड हवंच.

सेन्सरचं आधी उरकून टाकते. तो बहुतेक खराब नाहीये, डबी चुकीची आहे. पारदर्शक प्लास्टिक आपल्या डोळ्याला पारदर्शक असतं, यूव्हीला नसतं, पॉलिकार्बोनेट तर जवळजवळ सगळा यूव्ही अडवतं. काचेचंही तसंच, साधी काच यूव्हीबी (कातडी भाजणारा यूव्ही) बऱ्यापैकी अडवते आणि यूव्हीएचा (यूव्हीचा दुसरा प्रकार) बराचसा भाग सोडते, म्हणून खिडकीत लावलेला सेन्सर पण खोटं कमी दाखवतो. वरून टेफ्लॉनची पातळ पांढरी चकती लावतात, त्यातून यूव्ही जातो आणि पाणीही अडतं. आणि नवीन घेणारच असाल कुणी तर चिप कोणती आहे ते बघून घ्या, काही स्वस्त चिप यूव्ही मोजतच नाहीत, दिसणारा उजेड आणि इन्फ्रारेड मोजून त्यावरून अंदाज सांगतात, एसआय-११४५ ही त्यातलीच. शिवाय आपल्याकडे वैशाखात धूळ किती उडते, आठवड्यातून एकदा फडकं मारलं नाही तर आकडा हळूहळू उतरत जातो आणि कळतही नाही. ओपन-यूव्हीचं म्हणशील तर फुकटात दिवसाला ५० वेळाच विचारता येतं, दर पाच मिनिटाला विचारायला लावलंस तर सकाळीच संपून जाईल, तासाला एकदा पुष्कळ झालं. आणि लाईट गेली, राउटर बंद पडला, की सगळंच गप्प होतं, आणि अलार्मवर विसंबलेल्या माणसाला वाटतं गप्प आहे म्हणजे ठीक आहे.

पण खरं सांगू का, चैत्र-वैशाखात अमळनेरला हे मोजायचीच फार गरज नाही. आभाळ कोरं असतं, रोजचा आलेख आदल्या दिवसासारखाच. साडेआठच्या आसपास ३, दहापर्यंत ७-८, दुपारी ११ च्या वर, चार-साडेचारला परत ३-४. तू पंधरा दिवसांचा डेटा काढून बघ, एकावर एक ठेवलास तर रेषा जुळतील. यूव्हीचा कळस बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला येतो, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आणि अमळनेर ७५ वर, तेवढा अर्धा तास सूर्य आपल्याकडे उशिरा माथ्यावर येतो. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर तो अगदी डोक्यावर, गच्चीवर तांब्या ठेवला तर सावली तांब्याच्या बुडाखाली, आणि परत एकदा जुलैच्या मध्याला तसंच. तेव्हा तुझ्या आईला ॲप नको, तिला एवढंच सांग की आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कातडीला आणि डोळ्याला लागायला लागलं. तिला ते लगेच समजेल, सावलीवरून वेळ ओळखणारी पिढी आहे ती.

ते "१५ मिनिटं सुरक्षित" कुठून आलं हेही बघितलं मी, कारण त्यावरून तू घाबरलीयेस. ओपन-यूव्ही सहा प्रकारच्या त्वचेचे सहा आकडे देतं आणि तू पहिला उचललायस. तो पहिला प्रकार म्हणजे गोरीपान, केस लालसर, अंगावर फ्रेकल्स (बारीक तपकिरी ठिपके) असलेली माणसं. हे वर्गीकरण थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये गोऱ्या कातडीसाठीच मांडलं, सावळ्या आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर त्यात घातले गेले. तुझी आई चौथ्या नाहीतर पाचव्या प्रकारात बसेल, इंडेक्स ११ असताना तिचा आकडा अर्ध्या ते पाऊण तासाचा येतो. आता हे वाचून तू तिला पाऊण तासाची परवानगी देऊ नकोस, कारण तो आकडा फक्त कातडी लाल व्हायला किती वेळ लागेल एवढंच सांगतो. डोळ्याचं त्यात काही नाही. वांगाचं काही नाही. आणि उष्माघाताचं तर अजिबातच नाही.

या शेवटच्याबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. तू लिहिलंयस की साडेचारनंतर इंडेक्स उतरला की फोनवर हिरवं "सुरक्षित" येतं आणि आई त्या वेळी शेतात गेली तर तुला हायसं वाटतं. खानदेशात मे महिन्यात साडेचारला काय असतं? तापमान ४२-४३, झळा, कोरडा वारा. यूव्ही साडेबाराला माथ्यावर, उष्णता तीन-चारला. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक जाणवत नाही आणि दुसरी जाणवते, पण जीव घ्यायची वेळ आली तर दुसरीच घेते. तो हिरवा रंग आजच्या आज काढून टाक, आणि ठेवायचाच असेल तर त्यात तापमान आणि हवेतला ओलावा पण जोड. हे इतर वाचणाऱ्यांनाही सांगते, नुसत्या यूव्हीवर "सुरक्षित" लिहिणारं ऑटोमेशन आपल्या भागात कुणी बनवू नका.

आता दोन डॉक्टर आणि दोन सल्ले. वरवर उलटे दिसतात पण बसवता येतात. व्हिटॅमिन डी यूव्हीबीनं बनतं, आणि सकाळचं सहा-सातचं कोवळं ऊन, जे सगळेच सांगतात, त्यात यूव्हीबी जवळजवळ नसतो, त्यानं बरं वाटतं पण डी फारसं मिळत नाही. खिडकीच्या काचेतून तर नाहीच. ज्या वेळेला सावली आखूड असते त्याच वेळेला ते बनतं, म्हणजे नेमकी तीच वेळ जी डोळ्यांच्या डॉक्टरांनी टाळायला सांगितली. आणि आई दिवसभर उन्हात असूनही डी कमी का, याचं तुला नवल वाटलंय, तर बघ ना, अंगभर पातळ, कोपरापर्यंत बाही, डोक्यावर पदर, वरून रुमाल, कातडीला ऊन लागतंच कुठं, फक्त चेहऱ्याला आणि कोपरापुढच्या हातांना लागतं, आणि चेहऱ्यालाच नको होतं. सावळ्या त्वचेला त्यासाठी वेळही जास्त लागतो. मला विचारशील तर तिनं उन्हातून डी मिळवायच्या मागे लागू नये, ज्या डॉक्टरांनी तपासलं त्यांच्याकडूनच गोळी किंवा पुडी लिहून घ्यावी, त्यांना डोळ्याचं आणि वांगाचं सांगावं, आणि ते म्हणतील तेव्हा परत रक्त तपासावं. स्वतःच्या मनानं पुड्या वाढवू नका, ते जास्त झालं तरी त्रास होतो.

डोळ्याबद्दल. ते मांस वाढणं उन्हाशी आणि धुळीशी जोडलेलं आहे, शेतात काम करणाऱ्यांत खूप दिसतं. गॉगल हवा, यूव्ही ४०० लिहिलेला, बाजूनं पण झाकणारा. काळी काच आहे म्हणजे यूव्ही अडला असं नसतं, नुसती काळी काच असेल तर बाहुली मोठी होते आणि उलट जास्त आत जातो. नंबरचा चष्मा असेल तर त्याच्यावरून घालता येणारा मिळतो. आई म्हणेल गच्चीवर गॉगल घालून बसले तर बायका हसतील. म्हणून म्हणते, एक नको आणू, पाच आण. त्या चार-पाच शेजारणींचे डोळे पण त्याच उन्हात आहेत. सगळ्याच घालून बसल्या की कोण कुणाला हसणार, आणि तुझ्या आईचा शब्द तिथे चालतो, तिनं घातला तर बाकीच्या घालतील.

वांगाचं थोडं वेगळं आहे. तो नुसत्या यूव्हीनं गडद होत नाही, दिसणाऱ्या उजेडानं पण होतो, विशेष करून आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत, आणि हार्मोन्सचा, घराण्याचा भाग त्यात असतो. म्हणजे तुझा सेन्सर जे मोजतो त्यात वांगाचं एक मोठं कारण येतच नाही. सनस्क्रीन लावणार असेल तर रंग असलेलं बघ, त्यात आयर्न ऑक्साईड असतं, ते उजेड पण अडवतं. साधं पांढरं तेवढं अडवत नाही. आणि घरात मेडिकलमधून आणलेली गोरं करणारी एखादी ट्यूब आहे का ते वहिनीला हळूच बघायला सांग. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, चार दिवस फरक दिसतो आणि मग कातडी पातळ होते, ऊन आणखी सोसत नाही. असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवूनच बंद करा.

मग एवढं सगळं बसवलंस ते फुकट गेलं का? नाही. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) दोन महिने थांब, आषाढ-श्रावण येऊ दे. ढग असतात, वारा गार, अंगाला ऊन लागत नाही म्हणून दादा उघड्या डोक्यानं निंदणी-फवारणीला जातो, आणि पातळ ढगातून यूव्हीचा मोठा भाग खाली येतच असतो. मध्येच आभाळ उघडलं की दहाच्या वर. तो दिवस कालच्यासारखा नसतो, तेव्हा सेन्सर खरंच काहीतरी नवीन सांगतो. तसंच डिसेंबर-जानेवारीत. सगळं घर दुपारी गच्चीवर उबेला बसतं, शेंगा खात, हरभरा सोलत, आणि डोक्यात असतं थंडीचं ऊन चांगलं. आपल्या अक्षांशावर तेव्हाही भर दुपारी इंडेक्स ६ च्या आसपास जातो, आणि ३ पासूनच काळजी घ्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यूव्ही दिसत नाही, लागत नाही, गरमही वाटत नाही. मे मध्ये उष्णताच माणसाला सावलीत ढकलते, तिथं यंत्राची गरज कमी. जिथं शरीर सांगत नाही तिथं यंत्र लाव.

आणि बोलतं करू नकोस. स्पीकर काढून जिन्याच्या तोंडाशी एक छोटा स्मार्ट बल्ब लाव, पिवळा म्हणजे गॉगल-रुमाल घेऊन वर जा, लाल म्हणजे जमलं तर नंतर. बल्ब कुणासमोर कुणाचं काही काढत नाही, वर जाणाऱ्या प्रत्येकाला तो सारखाच दिसतो, दादाला पण, शेजारणींना पण. उद्याचं काय ते आदल्या संध्याकाळी एकदाच कळू दे, कारण घाटा किती वाजता चढवायचा हे आई रात्रीच ठरवते, दुपारी साडेबाराला सांगून तिच्या हातात काय राहतं? आणि ते सांगायला ऑटोमेशन कशाला, तू फोन कर. नाहीतरी रोज करतेसच.

कॅमेरा मात्र काढायला लाव, आखाजीपर्यंत थांबू नकोस, दादाला आजच सांग. उन्हाळ्यात बायका गच्चीवर पदर खोचून बसतात, केस वाळवतात, दुपारी वरच आडव्या होतात, कुणीतरी पुण्यातनं बघतंय हे आईला शेजारणींना सांगता येत नसणार आणि लपवताही येत नसणार. आखाजीला जाशील तेव्हा लॅपटॉप राहू दे बॅगेत, पहाटे चारला तिच्याबरोबर ऊठ, थापायला बस, आणि दुपारी ती वर जायला निघाली की तू पण जा, गॉगल घालून, आणि बघ ती कोणत्या कापडापाशी आधी जाते आणि बोटानं काय तपासते.